टॉवरवरून उतरल्याच्या दोन घंट्या

उत्तरेकडच्या डोंगरात, सिग्नल रेजिमेंटच्या कंट्रोल रूमला माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. तिथे नुकतंच नेटवर्क मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर बसलं होतं. सिव्हिलमधल्या माणसाला समजेल असं सांगायचं तर, डोंगरमाथ्यांवरची आमची सगळी रेडिओ ठाणी एका पडद्यावर दिसायची. ठाणं ठीक असलं की हिरवं, कुरकुरायला लागलं की पिवळं, बंद पडलं की लाल. ठाण्यावर माउस दाबला की सिग्नल किती येतोय त्याची रेघ उमटायची. पॉवर वाढवणं, चॅनल बदलणं, सगळं बसल्या जागेवरून. आधी एवढ्यासाठी माणसाला डोंगर चढावा लागे. आम्ही जाम खूश होतो. फौजेत खुर्ची मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

पडद्यावरचं सगळ्यात उंच ठाणं लान्स नायक रफीककडे होतं. तो वणीचा, मी आर्णीचा. अख्ख्या रेजिमेंटमध्ये यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघंच. ठाण्यांना आपसात बोलायला ऑर्डर वायर नावाचा फोन असतो. त्यावर हिंदीत आणि कामापुरतं बोलावं असा नियम. आम्ही वऱ्हाडीत बोलायचो आणि कामाचं सगळ्यात शेवटी बोलायचो.

"आर्णी, काय करून राह्यला?"

"खुर्चीत बसून राह्यलो. तुह्यं काय?"

"मले काय होते? ढगाच्या वर राह्यतो, किराया लागत नाई."

त्याच्या वडिलांचं वणीला ट्रकचं गॅरेज होतं. कापसाचे ते वाईट दिवस. गॅरेजात कोळशाचे ट्रक तेवढे यायचे, कापसाचे दिसेनासे झाले होते. घरची असली खबर आली की रफीक ती सांगून टाकायचा. माझ्याकडची खबर त्याहून बरी नसायची. मी आमच्या मारक्या बैलाच्या गोष्टी सांगून वेळ मारून न्यायचो.

हिवाळ्यात टॉवरवरच्या अँटेनावर ओला बर्फ चिकटायचा आणि पडद्यावरची रेघ हळूहळू खाली यायची. मग रफीक टॉवर चढून लाकडी मोगरीनं बर्फ झाडायचा. रेघ टप्प्याटप्प्यानं वर उठायची. तो मला दिसत नसे, पण मोगरीचा ठोका नीट बसला की मला इथे कळायचं. काम नेहमी दोघांचं. एकानं चढायचं, दुसऱ्यानं खालून दोर धरायचा. उतरला की रफीक ऑर्डर वायरवर दोन घंट्या द्यायचा. माणूस टॉवरवर आहे की खाली, हे सॉफ्टवेअरला कळत नव्हतं. म्हणून ही सोय आम्हीच करून घेतली होती.

एका फेब्रुवारीत, दुपारी, बर्फाचं वादळ सुरू होतं. पुढच्या पोस्टवर एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. कोणतं इंजेक्शन द्यायचं, ऑक्सिजन किती सोडायचा, हे बेसवरचे डॉक्टर तिथल्या नर्सिंग असिस्टंटला फोनवरून सांगत होते. तो फोन रफीकच्या ठाण्यावरून जात होता, आणि ते ठाणं पिवळं झालं.

कॅप्टनसाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"पॉवर?"

"फुल, सर."

"दूसरा रूट?"

"नहीं है, सर."

खुर्चीवरून होण्यासारखं एवढंच होतं. मी ऑर्डर वायर उचलली.

"वणी, बर्फ बसला."

"मालूम हाय. चढतो."

"दोर कोन धरते?"

"कोनीच नाई. जोडीदार तापानं फणफणला. उभं राह्यता येत नाई त्याले."

मी फोन साहेबांकडे दिला. अकेले मत चढो, साहेबांनी स्पष्ट सांगितलं. पलीकडून रफीकचा आवाज मलाही ऐकू आला. "सर, नहीं चढ़ा तो लिंक चली जाएगी. वहाँ जवान की साँस अटकी है." साहेब म्हणाले, "रस्सी टॉवर से बाँधो. सँभाल के." फोन माझ्याकडे परत आला.

"आर्णी, तू फक्त रेघ पाह्य. पुरी वर आली का समज, काम झालं."

"उतरल्यावर घंट्या देजो."

"हाव ना बे. कायले भेतं?"

रेघ खालीच चालली होती. पोस्टवरचा आवाज तुटायला लागला. डॉक्टर एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होते. मग रेघ हलली. एक टप्पा वर आली. थांबली. आणखी वर आली, आणि शेवटी उन्हाळ्यात असते तिथे जाऊन टेकली. ठाणं हिरवं झालं. कंट्रोल रूममध्ये कुणीतरी शाब्बास म्हणालं. डॉक्टरांचा आवाज पोस्टवर स्वच्छ पोचू लागला.

घंट्या आल्या नाहीत.

मी रिंग देत राहिलो. बऱ्याच वेळानं त्याच्या आजारी जोडीदारानं फोन उचलला. तो कसाबसा बाहेर जाऊन पाहून आला होता. रफीक टॉवरच्या पायथ्याशी पडला होता. उतरताना खालचा टप्पा गाठायला त्यानं दोर सोडला असावा, आणि तिथेच पाय घसरला. एवढा वेळ ठाणं हिरवंगार होतं. त्या रंगाचा मला तेव्हा भयंकर राग आला.

पुढच्या पोस्टवरचा जवान वाचला.

रफीकला घेऊन मी वणीला गेलो. दफनानंतर त्याचे वडील मला गॅरेजात घेऊन गेले. बसायला एक जुना टायर पुढे केला. शेवटी काय बोलला, फार दुखलं का, असं ते विचारतील म्हणून मी मनात उत्तरं जुळवत होतो.

"बेटा, तू व्हता ना तिथं?"

"फोनवर होतो, चाचा."

"काम अर्धं राह्यलं असताना तर नाई ना पडला तो?"

"नाई चाचा. रेघ पुरी वर आलती. काम करून उतरून राह्यलता."

त्यांनी मान हलवली. "लहानपणी याच गॅरेजात मी त्याले रागवत जाओ. नट ढिला ठेवून उठाचं नाई म्हणून." मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडले. मी वर्दीत होतो, तरी रडलो.

पेन्शनीवर आल्यावर मी यवतमाळला मोबाइल टॉवरच्या कंट्रोल रूममध्ये काम धरलं. पडदा तसाच, रंग तेच. ठाण्यांची नावं तेवढी वणी, आर्णी, नेर. टॉवरवर चढणाऱ्या प्रत्येकाला मी उतरल्यावर दोन रिंगा द्यायला लावतो. पोरं चिडवतात, "हवालदारसाहेब, तुमच्या पडद्यावर हिरवं झालं ना? मंग आता काहून थांबले?"

"तू उतरला का ते सांग," मी म्हणतो.

रिंगा आल्या की त्या टॉवरचं काम मी मिटवतो. लान्स नायक रफीकच्या दोन घंट्या मात्र अजून यायच्या आहेत.