वल्लरीचं जेवण व्हायचंय

पद्माकरकाकांना इंग्रजी शब्दांच्या कुळकथा सांगायचं भारी वेड. सरकारी अनुवादक होते, आयुष्य दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, निवृत्त झाल्यावर मयूर विहारला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले. मी दूध तापवत असले तरी काका दारात उभे. “राधा, कंपनी म्हणजे काय गं?”

आता काय सांगायचं, कप्पाळ! “नवरा रोज मेट्रोनं जातो ती.”

“ती आत्ताची गं. सैन्याची तुकडी कंपनी, नाटकवाल्यांची कंपनी, आपल्यावर राज्य करून गेली तीही कंपनीच. पण मुळात लॅटिनमध्ये कॉम म्हणजे सोबत आणि पानिस म्हणजे रोटी. एकत्र बसून जेवतात, ती कंपनी.”

समोरच्या घरातून नीरजाकाकू ओरडायच्या, “मग या की जेवायला, पानं वाढलीत!”

त्यांच्या घरात एक नियम होता. सगळ्यांचं होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. काकूंचं जेवण अगदी सावकाश, त्यामुळे काका आणि लेक वल्लरी खरकट्या हातांनी गप्पा मारत बसायचे.

काकू मागच्या साली गेल्या. वर्षश्राद्धाला काकांना एकच हवं होतं, वल्लरीनं समोर बसून जेवावं. ती गुरुग्रामला नोकरीला. आठवडाभर ‘येते, येते’ चाललं होतं आणि त्या दिवशी सकाळी फोन. “बाबा, सुट्टी कॅन्सल झाली यार. व्हिडिओ कॉलवर जेवू ना, बिल्कुल एकत्र!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं श्राद्ध आणि व्हिडिओ कॉल! काका म्हणाले, “असू दे गं. दमते पोर.”

गुरुजी जेवून गेल्यावर काकांनी फोन तांब्याला टेकवला. समोर तिचंही रिकामं ताट मांडलं. मी त्यांना वाढलं आणि घरी आले.

संध्याकाळी माझी पातेली आणायला गेले, तर काका तसेच ताटावर. फोनचा पडदा काळा. ताट स्वच्छ संपलेलं, बोटांवर खीर वाळून कडक झालेली.

“अहो काका, हे काय?”

“तिला मीटिंगला बोलावलं. दोन घास खाल्ले, आलेच म्हणाली. तिचं व्हायचंय अजून.”

मला रडूच फुटलं. मी वल्लरीचं ताट ओढलं, गार वडे आणि खीर वाढून घेतली आणि समोर बसले. सगळं संपवलं. तेव्हा कुठे काका उठले. गुडघे धरले होते, मी हात दिला. हात धुवायला त्यांना बराच वेळ लागला.

तेवढ्यात फोन वाजला. वल्लरीचा मेसेज होता. ‘सॉरी बाबा, अडकले. जेवलास ना?’

काकांना चष्मा सापडेना. मी फोन घेतला. चांगलं खरमरीत लिहिणार होते, पण त्यांनी ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

“लिही,” म्हणाले, “हो. तुझ्याबरोबरच जेवलो.”