सातव्या ओळीतलं पाचवं भोक

पुण्याचे पाहुणे आले की त्यांना ग्वाल्हेर दाखवायचं काम माझ्याकडे असतं. किल्ल्यावरच्या महालाच्या निळ्या फरशांवरची पिवळी बदकं मी त्यांना मोजायला लावतो. राजवाड्यातली झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून मजबुती तपासली म्हणतात, तेही सांगतो. मात्र हत्तींचा आकडा गाईडगणिक बदलतो, हेही जोडतो. जुन्या मकबऱ्यातल्या दगडी जाळ्यांपाशी पोचलो की आता मी गप्प राहतो.

तशीच एक लहानशी जाळी दौलतगंजातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीला होती. अडीच इंच जाडीचा सलग दगड, बारा ओळी, दर ओळीत बारा भोकं. म्हणजे एकशे चव्वेचाळीस. मी मोजली तर एकशे त्रेचाळीस भरली. सातव्या ओळीतलं पाचवं कोरायचंच राहिलं होतं. कड आखलेली, आत दगड तसाच.

दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही. तेव्हापासून ती त्याच खोलीत खाटेवर आहे. सकाळचं ऊन जाळीतून समोरच्या भिंतीवर पडायचं, ते ती बघत असायची. गेल्या दिवाळीत घराचं रंगकाम काढलं, तेव्हा ते भोकही पाडून घ्यावं असं मी ठरवलं.

"राहू दे रे," आई म्हणाली. "तुला काय टोचतंय ते?"

"अपुरं आहे, आई."

"मग मीही अपुरीच आहे. मलाही ने दुरुस्तीला."

मी हसलो. स्वयंपाकाच्या ओट्यांचं ग्रॅनाइट कापणारा एक जण ड्रिल घेऊन आला. पाच मिनिटांचं काम म्हणाला. चौथ्या मिनिटाला जाळी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली आणि खालचा भाग खोलीत कोसळला, आईच्या खाटेपासून तीन फुटांवर.

शिंदे की छावनीत जाळ्या कोरणारा एक म्हातारा कारागीर राहतो. त्याला घेऊन आलो. त्यानं तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. दगडात केसाएवढी तांबूस रेघ होती, नेमकी त्या भोकाच्या जागेतून गेलेली.

"बाबूजी, ये छेद भूला नहीं था, छोड़ा था," तो म्हणाला. "यहाँ नस है. बनानेवाले को मालूम था."

"दूसरी बना देंगे, उस्ताद?"

त्यानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. थरथरत होते.

शेवटी मशीनवर कापलेली जाळी आणली. जाडी पाऊण इंच. एकशे चव्वेचाळीस भोकं, दोनदा मोजली. ती बसवल्यावर दुसऱ्या सकाळी आई बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली.

"माझा काटा कुठं गेला रे?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. घड्याळाचे आकडे तिला आता दिसत नाहीत. पण न कोरलेल्या भोकाचा काळा डाग उन्हाबरोबर भिंतीवरून खाली सरकायचा, तो दिसायचा. कॅलेंडरच्या खिळ्याशी आला की आठ. स्विचबोर्डाशी आला की नऊ, माझी ऑफिसला निघायची वेळ. थंडीत आणि उन्हाळ्यात जो फरक पडायचा, तोही तिला पाठ होता. हे तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मी नव्या जाळीच्या सातव्या ओळीतलं पाचवं भोक एम-सीलनं बुजवलं. पण या जाळीची भोकं मोठी, मधल्या पट्ट्या बारीक. भिंतीवर सगळं ऊन एकमेकांत मिसळतं. जवळ जाऊन बघितलं तर मला डाग दिसतो. खाटेवरून तिला दिसत नाही.

काही दिवस ती सारखी विचारायची, "किती वाजले?" मी मिनिटांसकट सांगायचो. गेल्या महिन्यापासून तिनं विचारणं सोडलं आहे. निघताना मीच सांगतो, "आई, नऊ वाजले."

ती दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

"असतील," म्हणते.