नजरचुकीने नव्हे

माझी बायको सरकारी दवाखान्यात आया होती. पेणला लागली आणि रोह्याच्या बाजूला निवृत्त झाली. मी मिठागरावरचा माणूस. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यातच, कारण पाऊस गेला की मिठाच्या कामाला हात लागायचे. सही येते. वाचताही येतं, फक्त घाई करायची नाही.

ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, आता तिची पेन्शन नवऱ्याला. मी म्हटलं, नको. उभा जन्म चिखल तुडवून मीठ काढलं, आता म्हातारपणी बायकोच्या पेन्शनीवर जगू होय? नाक्यावरच्या टपरीवर एकानं विचारलंच, "काय, बायको गेल्यावर पण पोसणार म्हणतात तुला?"

"तुझी तर जिवंतपणीच पोसते," मी म्हटलं.

सगळे हसले, तोही हसला. मी तसाच घरी आलो आणि पेन्शनचा फॉर्म पत्र्याच्या पेटीत टाकला. वर्षभर तो तिथंच होता.

मला दोन मुली. धाकटी खांब गावात दिलेली. ती आली, पेटी उघडली, कोरा फॉर्म पाहिला आणि माझ्यासमोर बसली.

"बाबा, तुम्हाला नको तर राहू दे. पण ताईचं काय?"

ताई म्हणजे माझी थोरली. चाळिशी ओलांडली, पण समज पाच वर्षांच्या पोरीची. अंगण झाडते, भांडी लख्ख घासते. पण एकटीला दुकानात धाडलं तर परत येईल याचा भरवसा नाही.

धाकटीनं मला दोनदा समजावलं. आईची पेन्शन आधी तुम्हाला. तुमच्यामागं ताईला, ती आहे तोवर, कारण ती कमावू शकत नाही. डॉक्टरांचा दाखला लागेल, आणि तिच्या वतीनं व्यवहार बघायला पालक म्हणून माझं नाव देऊ. "पण ताई हाय, हे सरकारला ठाऊक तर पायजे. आईच्या कागदात तिचं नाव हाय ना?"

नव्हतं. आणि ते कुणामुळे नव्हतं, हे सांगायला त्या घरात मी एकटाच उरलो होतो.

धाकटीला स्थळं यायला लागली होती तेव्हाची गोष्ट. पाहुणे येणार कळलं की मी थोरलीला गडबला तिच्या मामाकडे पोचवायचो. त्याच दिवसांत दवाखान्यातून कुटुंबाची माहिती मागितली. बायको कागद घेऊन बसली. म्हणाली, "दोघींची नावं लिहिते."

"एकच लिही गो," मी म्हटलं. "कागद फिरतात. दवाखान्यात दहा गावची माणसं येतात. कुणी वाचलं तर जमलेलं मोडेल."

तिनं एकच लिहिलं. कागद घडी न करताच पिशवीत कोंबला. निवृत्त होताना तिनं पुन्हा विषय काढला, तर मी म्हटलं, आता कशाला उकरतेस. विषय तिथंच मिटला.

लग्न झाल्यावर खांबच्या व्याह्यांनी मला हसत सांगितलं होतं, "गडबच्या बाजारात आम्ही तुमची थोरली कधीच पाहिली होती."

"मग बोललात का नाय?"

"तुम्ही एवढं झाकत होतात. म्हटलं, राहू दे माणसाचा मान."

म्हणजे ज्यांच्यापासून लपवलं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला.

फॉर्म भरला. अलिबागहून डॉक्टरांचा दाखला आणला. मग आम्ही तिघं रोह्याच्या कचेरीत गेलो. थोरलीला मी मुद्दाम नेली, नवी साडी नेसवून. टेबलावरच्या बाईंनी जुने कागद काढले.

"बाबा, इथं तुम्हाला एकच मुलगी दिसते. ह्या कोण?"

"ही पहिली. कागदावर हाय ती दुसरी."

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, नाव का राहिलं ते लिहून द्या, मी वर पाठवते. "नजरचुकीने राहिले, असं लिहा. सगळे तेच लिहितात."

"नजर शाबूत होती माझी," मी म्हटलं.

"बाबा, असं काय करता?" धाकटी माझा सदरा ओढत कुजबुजली. "अडकलं तर ताईचं अडकेल."

मला ते कळत होतं. पण एकदा खोटं लिहायला लावून थोरलीला कागदातून घालवली, आता दुसरं खोटं लिहून परत आणायची? मी पेन घेतलं. अर्ध्या पानाला बराच वेळ लागला. लिहिलं की, ही माझी थोरली मुलगी. तिची आई नाव विसरली नाही. मी लाजेपायी मुद्दाम वगळायला लावलं. चूक माझी आहे, मुलीची नाही. खाली सही केली.

बाईंनी वाचलं. "वरून प्रश्न येतील, बाबा."

"येऊ देत. उत्तर द्यायला मी अजून हाय. मी गेल्यावर आले तर ती काय सांगणार?"

प्रश्न आलेच. पुन्हा खुलासा करा, म्हणाले. मी पुन्हा रोह्याची गाडी धरली, पुन्हा थोरलीला खिडकीशी बसवलं, आणि तेच अर्धं पान पुन्हा लिहून दिलं. दुसरं खरं माझ्याकडे नव्हतं. तिसऱ्या खेपेला बाईंनीच आदेश हातात दिला. माझ्या नावाखाली थोरलीचं पूर्ण नाव, मधे माझं. मी ते घाई न करता वाचलं.

पेन्शन मी आता घेतो. टपरीवरचा तो अजून विचारतो. मी सांगतो, व्हय, बायकोच पोसते, मला आणि माझ्या थोरलीला. कागद पेटीतच आहे. ज्याला वाचायचा असेल त्यानं येऊन वाचावा.