बापूंची पेनल्टीची खूण

आज सकाळी सेलूत आमच्या फुटबॉल क्लबच्या बापूंच्या आठवणीत सामना झाला. बापू आधी क्लबचे सर्वांत मोठे खेळाडू, नंतर अध्यक्ष. मैदानावर चुन्याची फक्की मात्र शेवटपर्यंत स्वतः, पावलं मोजून मारायचे.

मी सिव्हिल इंजिनिअर, म्हणून यंदा आखणी माझ्याकडे आली. टेप लावला. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून अकरा मीटरवर हवी, ती दहावर निघाली.

"माहीत हाय आमाला," जुने गोलकीपर सलीमचाचा म्हणाले. "गुडघा गेल्यापासून बापूचं पाऊल आखूड झालं होतं. सांगणार कोण? आमी गोल खात गेलो, बेटा."

मी अकरावर नवी खूण केली. सामन्यात पेनल्टी मिळाली तेव्हा चेंडू मुकाट जुन्याच खुणेवर ठेवला गेला. पंचांनीही तिथूनच शिट्टी दिली.

टेप माझ्या हातात होता. मी दमले होते, एवढंच म्हणते.

तुम्ही बोलला असता का?