डावा ब्रेक

इथे आखातात, रुवैसच्या तेलाच्या प्लांटवर शुक्रवारची शिफ्ट करून साडेतीन तास गाडी हाकत घरी आलो, आणि शनिवारी सकाळी लेकीने मला हत्ताच्या डोंगरात नेलं. सायकल चालवायला म्हणे. अंग नुसतं आंबलं होतं. पण पुढच्या आठवड्यात ती कॅनडाला शिकायला जाणार होती, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

अकरा वर्षं मी रुवैसला आणि ती आईबरोबर शहरात, इंटरनॅशनल सिटी वस्तीतल्या फ्लॅटवर. मी पंधरा दिवसांनी घरी येणार, बाकीचे दिवस फोनवर सूचना देणार. हे खा, ते वाच, उशीर करू नकोस. तिकडून एकच उत्तर, "ओके बाबा." पालथ्या घड्यावर पाणी, असं मी बायकोला कितीदा म्हटलं असेन. आता तर पोरगी हातातूनच निघाली होती.

वर भाड्याने सायकली मिळत होत्या. दुकानातला मल्याळी माणूस हिंदीत तिला काहीतरी समजावत होता. मी बाजूला कागदी कपातला चहा पीत जांभया देत होतो.

घाटातून खाली जाणारा डांबरी सायकल-ट्रॅक. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर. ती पुढे, मी मागे. वळणाजवळ तिचा वेग वाढला आणि मला राहवलं नाही. इकडे येण्याआधी, लहानपणी तिला पार्किंगमध्ये सायकल शिकवताना मी जे घोकून घेतलं होतं, तेच ओरडलो, "डावा दाब! डावा!" आपल्याकडे डावा ब्रेक मागच्या चाकाचा. उतारावर तोच दाबायचा, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलेलं.

तिने दाबला. मागचं चाक उचललं गेलं आणि पोरगी हँडलवरून पुढे डांबरावर पडली.

मी सायकल टाकून तिच्याकडे धावलो. तळहात सोलवटले होते, गुडघ्यातून रक्त येत होतं, हाड मात्र शाबूत होतं. मी पाण्याने जखम धुतली.

"इकडे उलटं असतं, बाबा. लेफ्ट इज फ्रंट. त्या अंकलने सांगितलं होतं."

"अगं मग माहीत होतं तर दाबलास कशाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बिकॉज यू सेड सो."

मी मटकन खाली बसलो. इतका थकवा मला कुठल्याच शिफ्टनंतर आला नव्हता. पोरगी माझं ऐकत नाही म्हणून मी अकरा वर्षं कुरकुरत होतो.

उरलेला उतार आम्ही सायकली हातात धरून चालत उतरलो. ती लंगडत होती.

पुढच्या आठवड्यात विमानतळावर तिला सोडायला जाताना, द्यायच्या सूचना मी गाडीतच मनात जुळवून ठेवल्या होत्या. तळहाताला पट्टी बांधलेली ती आत जाताना थांबली, म्हणाली, "बाबा, एनीथिंग?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "तिकडची माणसं सांगतील ते ऐक. मला तिथलं काही माहीत नाही."