साडेतीनशे सीसी आणि दोन लिंबं

आमच्या मोटारसायकलीचं सीट जमिनीपासून तीस इंचांवर होतं. मी तीनदा मोजलं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. बेंगळूरच्या पेठेत तेव्हा टांगे धावत. साडेतीनशे सीसीची गाडी, वजन तीनशे साठ पौंड, सीट ठेंगणं, म्हणून माझे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकत. हे सगळं मी बायकोला, सुलोचनेला, आठ दिवस रोज जेवताना ऐकवलं. (ती ताटात बघून "हं" म्हणायची.)

नव्या गाडीची पूजा होईपर्यंत मागे कुणी बसायचं नाही, हा घरचा नियम. म्हणून बनशंकरीच्या देवळात मी गाडीने गेलो. सुलोचना आणि तिचे थोरले भाऊ अण्णा बसने आले.

"दाजी, ही गाडी की रेडा?" अण्णा म्हणाले. "लिंबं एका दमात चिरडलीत तरच माझी बहीण मागे बसेल. नाहीतर ती माझ्याबरोबर बसने. सरी? कबूल?"

"सरी!"

पुजाऱ्यांनी दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. मी आधीच किक मारली. लोकांना आवाज ऐकू यायला नको? धडधड, धडधड! मंत्र लांबले, मी इंजिनाचे ठोके मोजत राहिलो. शेवटी ऐटीत गिअर टाकला. चाक लिंबाला टेकलं...

आणि गाडी बंद!

किक. पुन्हा किक. सतरा किका! घामाने चष्मा घसरला. लिंबू जसंच्या तसं!

"चल गं, बस येईल," अण्णा म्हणाले.

सुलोचना पिशवी घेऊन निघाली. दोन पावलं गेली, परत फिरली, वाकली.

"अहो, टाकीखालची पेट्रोलची चावी बंद आहे! गाडी लावली की बंद, निघताना उघडी. मंगळवारी आमटी वाढताना तुम्हीच सांगितलंत ना?"

थेंबही वाया जाऊ नये म्हणून मीच ती बंद केली होती! कार्ब्युरेटरात उरलेलं पेट्रोल मंत्रांना पुरलं, लिंबांना नाही.

तिने चावी फिरवली. एकच किक! धडधड! फच्च! फच्च! फुलवाल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. सुलोचना पदर खोचून मागे बसली.

"अण्णा, तुम्ही या सावकाश बसने!" मी ओरडलो.

आम्ही वाऱ्यावर स्वार होऊन निघालो. पहिल्याच वळणावर कानाशी आवाज आला, "पुढे चढ आहे, गिअर बदला."

तेव्हापासून गाडी तिला समजते, मी फक्त चालवतो. (सीट अजून तीस इंचांवरच आहे. कालच मोजलं.)