कोणच्या गोळीला?

आखाडा बाळापूरच्या बाजारात एक मिस्त्री काडतुसं भरून देत. त्यांच्याकडून सरळ उत्तर कधी मिळायचं नाही. बंदुकीची दारू किती घालता, असं विचारलं की म्हणत, "कोणची दारू? कोणच्या गोळीला?" किती वाजले विचारलं, तरी "कोणाच्या घड्याळात?" मला वैताग यायचा, पण माझी बंदूक मी दुसऱ्या कुणाकडे दिली नाही.

एकदा देशमुखांनी रिव्हॉल्वर आणलं आणि मेहुण्यानं हैदराबादहून लिहून पाठवलेलं दारूचं माप दाखवलं. मिस्त्रींनी स्वतः ओतलेली शिशाची गोळी तळहातावर तोलली.

"हे माप मेहुण्याच्या गोळीचं. माझी जड हाय. तेवढ्या दारूनं पिस्तूल हातातच फुटंल."

चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती डुगडुगत्या पाटाखाली सारली आणि दारू कमी भरली.

पुढच्या बाजारी देशमुख तणतणत आले. "काय भरलं मिस्त्री? गोळी खाऊन डुक्कर चालतं झालं!"

मिस्त्रींनी त्यांचा उजवा हात धरून पाचही बोटं तपासली. "डुक्कर घरी गेलं, तुमी बी गेले. काहून तकलीफ करून राहिले?"

देशमुखांनी बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तसलीच आणखी सहा द्या."

मिस्त्रींनी मान वर केली. "कोणच्या पिस्तुलाला?"